जिमखान्याच्या दाराशी : साहेबी क्लबांविषयीच्या वादाचा आढावा

साहेबाच्या क्लबाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक हळवा : वेताच्या खुर्च्या, बिलियर्डचे टेबल, पांढऱ्या पोशाखातला बटलर आणि भिंतीवरची सांबराची शिंगे. दुसरा संतापाचा : ज्या दारातून आपल्या आजोबा-पणजोबांना आत घेतले नाही, त्या दाराचे कौतुक कशाला? दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. गेल्या पंचवीसेक वर्षांत इतिहासकारांनी या क्लबांकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. त्याच काळात क्लबांच्या ताब्यातल्या सरकारी जमिनींचा प्रश्नही ऐरणीवर आला. या दोन्ही चर्चा कुठवर आल्या आहेत, सातारा-सांगलीकडचा त्यांतला धागा कोणता आणि काय सुटायचे राहिले आहे, एवढे इथे पाहायचे आहे.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुराच्या बाजूने या विषयाकडे पाहणे काहींना चमत्कारिक वाटेल. हे पेठेचे, आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कबरीचे गाव. इथली बैठक पारावरची किंवा तालमीतली. पण पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावर साहेब लोक वाठारला उतरून टांग्याने महाबळेश्वर गाठू लागले, आणि औंधची मंडळी रहिमतपूर स्टेशनावर उतरत. म्हणजे साहेबाच्या क्लबाची आणि सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची वाट एकाच रुळावरून, काही स्टेशनांच्या अंतराने जात होती. शिवाय या वादातला सर्वांत बोलका पुरावा खुद्द साताऱ्याच्या एका मैदानावरचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

क्लब आले कुठून

कलकत्त्याचा बेंगॉल क्लब १८२७ सालचा, मद्रास क्लब १८३२ चा आणि मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा. तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत सहा वर्षांच्या आत क्लब उभे राहिले. नमुना लंडनचा, पण गरज इथली होती. एकट्या, अविवाहित अधिकाऱ्यांना राहायला बऱ्या खोल्या, विलायतेची वर्तमानपत्रे, ओळखीचे जेवण आणि पत्त्यांना भिडू हवे होते. चांगली हॉटेले नव्हती, तेव्हा क्लबाच्या खोल्याच त्यांचे घर झाल्या.

१८५७ नंतर रंग बदलला. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर गोऱ्या कुटुंबांचा राबता वाढला आणि राज्यकर्ते व रयत यांच्यातले अंतरही वाढले. खोल्या आणि खाना यांच्याइतकेच आता खेळालाही महत्त्व आले. बाँबे जिमखाना १८७५ चा, पूना क्लब १८८६ चा. लष्करी छावणी तिथे पोलो, टेनिस, क्रिकेट आणि संध्याकाळचा पेग हे ठरून गेले. बॅडमिंटनचे आरंभीचे नियम पुण्याच्या छावणीतच तयार झाले, हे पुणेकर अजून अभिमानाने सांगतात.

प्रवेशाची रीत सगळीकडे साधारण सारखी. एकाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग सभासदांनी पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकायची. ठरावीक काळ्या गोळ्या पडल्या की नाव बाद, आणि कारण सांगायचे बंधन कुणावरच नाही. या रीतीमुळे वंशाचा नियम कागदावर लिहिण्याची गरज फारशी पडत नसे. दुकानदारी करणारा गोरासुद्धा या पेटीत सहज अडकत असे, हेही ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढच्या वादाचा एक फाटा तिथूनच फुटतो.

महाबळेश्वर : डोंगरावरची राजधानी

सातारा जिल्ह्यात क्लबजीवनाचे ठळक ठाणे महाबळेश्वर. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी डोंगर चढून आला, १८२८-२९ मध्ये गव्हर्नर माल्कमने छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. बाजाराला नाव पडले माल्कम पेठ. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या राजाने, शहाजी तथा आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये बांधवला. सहा-सात वर्षांतच त्यांचे राज्य खालसा झाले. आज त्या तलावात नाव वल्हवणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम इथे हले. दप्तरे येत, सेक्रेटरी येत, त्यांच्या मागोमाग मुंबईचे पारशी आणि हिंदू धनिक येत. फ्रीअर हॉल १८६४ चा, वाचनालय आणि करमणुकीसाठी. हा बार्टल फ्रीअर गव्हर्नर होण्याआधी साताऱ्याचा रेसिडेंट होता. महाबळेश्वरचा क्लब १८८१ चा, आणि तो आजही चालू आहे. कारभाराची बरीचशी बोलणी कचेरीऐवजी अशा व्हरांड्यात होत, आणि क्लबाचे सभासदत्व ही नुसती करमणुकीची बाब राहत नाही ती याच कारणाने. जिथे गव्हर्नरचा सेक्रेटरी संध्याकाळी बसतो, तिथे तुम्हाला खुर्ची आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पहिली भूमिका : गोऱ्यांचा गड

क्लब म्हणजे साम्राज्याचा अंतर्गड, ही भूमिका सर्वांत जुनी आणि सर्वांत पसरलेली. ती रुजवली कादंबऱ्यांनी. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ ची, ऑर्वेलची ‘बर्मीज डेज’ १९३४ ची. दोन्हींत क्लबाचे दार हाच कथेचा कणा आहे. ऑर्वेलने तर एका हिंदी डॉक्टरला सभासद करून घ्यायचे की नाही, एवढ्या प्रश्नावर एक अख्खे ठाणे उलटेपालटे केले. ऑर्वेल स्वतः ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. त्याने ही माणसे जवळून पाहिली होती.

कादंबरीबाहेरचा पुरावाही भक्कम आहे. १८८३ च्या इल्बर्ट बिलाविरुद्ध, म्हणजे हिंदी न्यायाधीशापुढे गोऱ्या आरोपीचा खटला चालण्याविरुद्ध, जो गहजब झाला त्यात क्लबांची जाळी कामाला आली. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. सी. के. नायुडू कप्तान, लाला अमरनाथांच्या ११८ धावा. ज्या क्लबाच्या मैदानावर हिंदी संघ खेळला, त्याचे सभासदत्व तेव्हा हिंदी माणसाला मिळत नव्हते. यावर वेगळी टीका करायची गरज नाही.

या भूमिकेच्या कडेला काही दंतकथाही चिकटल्या आहेत. ‘कुत्रे आणि हिंदी माणसांना मज्जाव’ अशी पाटी अमुक क्लबाच्या दारावर होती, असे आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा त्याच कुळातली, आणि तिच्याविषयी ताजच्या इतिहासकारांनीच शंका घेतली आहे. अशा कथांची छाननी केली की काहींना वाटते, भेदभावच नाकारला जातो आहे. तसे नाही. गोळ्यांची पेटी असताना पाटीची गरजच नव्हती. पाटीचा पुरावा मिळाला नाही म्हणून पेटीचा पुरावा खोटा ठरत नाही.

दुसरी भूमिका : गड होता, पण भिंती सच्छिद्र

२००१ मध्ये इतिहासकार मृणालिनी सिन्हा यांनी एक प्रदीर्घ निबंध लिहून चर्चेला वेगळे वळण दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : क्लब म्हणजे विलायतेतून उचलून आणलेले रोपटे नव्हे. हिंदुस्थानातल्या सत्तेच्या गरजांतून तो इथे घडला आणि ‘गोरा सद्गृहस्थ’ कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचे काम त्याने केले. गोऱ्यांतले खालचे लोक, बायका आणि हिंदी उच्चवर्ग या तिघांशी त्याचा सतत व्यवहार चालू होता. बायकांना पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र दालन असे. क्लबातले पुरुष त्याला ‘मुर्गीखाना’ म्हणत. एवढ्या एका शब्दात त्यांच्या दाक्षिण्याची खोली कळते.

बेंजामिन कोहेन यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात याच्याही पुढे जाऊन म्हटले की वंशाइतकाच वर्ग महत्त्वाचा होता. काही क्लब मिश्र होते, काही संस्थानिकांच्या आश्रयाने चालत, आणि बहुतेकांच्या कारभारात नियमावली, वार्षिक सभा, हिशेबतपासणी, निवडणूक यांचा सराव होई. हिंदी मंडळींनी हा सराव उचलला आणि आपल्या संस्था चालवल्या.

मला ही भूमिका अर्धी पटते. कारभाराचा सराव खरा, पण तो शिकायला आपल्या लोकांना क्लबाची वाट पाहावी लागली नाही. १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा, तिच्याही आधीची गावोगावची नेटिव्ह वाचनालये हे शिक्षण देतच होती. सच्छिद्र भिंतीतून बघता येते. आत जाता येतेच असे नाही.

मिश्र क्लबांचे नेहमीचे उदाहरण म्हणजे मुंबईचा विलिंग्डन क्लब, पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा. हिंदी आणि युरोपीय दोघांनाही तो पहिल्यापासून खुला होता. एका हिंदी पाहुण्याला दुसऱ्या क्लबाने दारातून परत पाठवले म्हणून गव्हर्नर विलिंग्डनने तो काढला, अशी आख्यायिका आहे. ती सांगताना पाहुण्याचे नाव आणि क्लबाचे नाव दर वेळी बदलते. सांगलीकरांना विलिंग्डन आठवतो तो १९१९ च्या कॉलेजामुळे. रहिमतपुरात जन्मलेले नाटककार वसंत कानेटकर तिथेच शिकले. एकाच लाटसाहेबाचे नाव मुंबईत धनिकांच्या क्लबाला आणि सांगलीत शेतकरी-कारकुनांची मुले शिकली त्या कॉलेजाला लागले. त्यातले कोणते नाव अधिक कामी आले, हे वाचकांनी ठरवावे.

तिसरी भूमिका : आपले जिमखाने, आपली दारे

दाराबाहेर राहिलेल्यांनी काय केले, हा तिसरा प्रश्न, आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचा. १८८० च्या आसपास मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर गोऱ्यांच्या पोलोचे घोडे पारशी पोरांची क्रिकेटची जमीन उखणून टाकत. त्यावर अर्जविनंत्यांची मोठी लढाई झाली. तिची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवली. पुढे सरकारने समुद्राकाठी वेगवेगळ्या जमातींना भूखंड दिले : पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, आणि १८९४ मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिसच्या कारकिर्दीत हिंदू जिमखाना.

इथे मते फुटतात. एक मत असे की सरकारने जमातवार भूखंड देऊन जमातवार क्रिकेट घडवले आणि फुटीचे बी पेरले. दुसरे मत असे की पुढाऱ्यांनी स्वतःच जमातवार अर्ज केले. सरकारने मागितले ते दिले. हिंदी क्रिकेट संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावरच्या प्रशांत किदंबी यांच्या पुस्तकातून (२०१९) दिसते की संस्थानिक आणि मुंबईचे धनिक साम्राज्याच्या चौकटीत मान मिळवायला उत्सुक होते. गांधीजींनी १९४० मध्ये जमातवार सामन्यांविरुद्ध मत दिले, आणि हे पंचरंगी सामने १९४६ मध्ये थांबले. तोवर अर्धे शतक उलटले होते.

पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. त्याचा मोहरा वेगळा होता, देशी खेळांना आणि मैदानी शर्यतींना त्यात जागा होती. याच जिमखान्याच्या शर्यतींतून दोराबजी टाटांच्या साहाय्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये उभे केले. तिथे सभासदत्वाची पेटी नव्हती, हजारोंना बसायला उतरती जागा होती. क्लबाच्या इतिहासात खासबाग येत नाही. यायला हवे, कारण एकत्र जमण्याची दुसरी रीत त्याच काळात, त्याच मुलखात सिद्ध झाली होती.

साताऱ्याचा सामना

आता ते मैदान. त्यावर गाजलेले गोलंदाज म्हणजे पालवणकर बाळू, जन्म धारवाडकडचा, जात चांभार, वडील पलटणीत. पोरवयात पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात त्यांना नोकरी लागली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या संशोधनानुसार पगार महिना चार रुपये. काम रोलर फिरवणे, जाळी बांधणे, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे. ग्रेग नावाचा नावाजलेला फलंदाज त्यांच्यापुढे तासन्‌तास सराव करी. बाळूंच्या हाती तिथे बॅट मात्र कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे चाकरीत मोडत होते, फलंदाजी साहेबाची.

बाळूंची ख्याती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत पोचली आणि तिथे पेच पडला. मराठी ब्राह्मण खेळाडूंत एकमत होईना. अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात येई आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. हे पुणे कोणते? १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद रंगला, तेच.

मग हा संघ साताऱ्यास आला. समोर सातारा जिमखाना, फक्त गोऱ्यांचा. बाळूंची धास्ती इतकी की यजमानांनी माळ्याला आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवायला सांगितले, म्हणजे चेंडू वळणार नाही. त्या गुळगुळीत खेळपट्टीवर बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. पुण्यात परतल्यावर त्यांचा जाहीर सत्कार झाला. रानड्यांनी त्यांना हार घातला, आणि दुसऱ्या एका सभेत टिळकांनीही गौरव केला. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कप्तानपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले.

तिन्ही भूमिका या एका सामन्यावर घासून पाहाव्यात. गोऱ्यांचा गड होता : सातारा जिमखाना. भिंती सच्छिद्र होत्या : चाकराला चेंडू टाकता येत होता. आणि आपली दारेही होती : पॅव्हेलियनबाहेरचे मातीचे भांडे. पहिली भूमिका तिसरी गोष्ट विसरते, आणि तिसरीचा आधार घेऊन काहीजण पहिली पुसायला बघतात. वंशाचा भेद आणि जातीचा भेद यांची एकमेकांशी वजाबाकी होत नाही. बाळूंनी दोन्ही सोसले.

स्वातंत्र्यानंतर

१९४७ नंतर खुर्च्या तशाच राहिल्या, बसणारे बदलले. कलेक्टर, लष्करी अधिकारी, साखर आणि कापडवाले, पुढे डॉक्टर आणि बिल्डर. जुने नियम मात्र टिकून राहिले. १९८८ मध्ये अनवाणी आले म्हणून चित्रकार एम. एफ. हुसेन यांना विलिंग्डन क्लबात प्रवेश नाकारला. २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे चेन्नईच्या क्रिकेट क्लबाने अडवले आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा करून अशी बंदी रद्द केली.

खरा झगडा जमिनीचा. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. दशकभराच्या घोळानंतर २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी द्यायचे ठरले. दिल्ली जिमखान्यावर २०२२ मध्ये कंपनी लवादाने केंद्र सरकारला संचालक नेमायची मुभा दिली. महाबळेश्वरचे कितीतरी जुने बंगले आजही सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेत आहेत.

एक बाजू म्हणते, सार्वजनिक जमीन मूठभरांना नाममात्र भाड्याने का? दुसरी म्हणते, याच क्लबांनी शहरातली मोकळी मैदाने टॉवरांपासून वाचवली. सरकारच्या हाती गेली की ती उरतील याची हमी कोण देतो? तिसरी तडजोडीची : भाडे बाजारभावाच्या जवळ आणा आणि मैदान शाळकरी मुलांना ठरावीक वेळी खुले करा. कायद्याच्या अंगाने संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य क्लबांच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात ते ठामपणे मान्य केले. पण खासगी संस्था सरकारी जमिनीवर बसली की त्या संस्थेचे खासगीपण कुठवर मानायचे, हा प्रश्न तिथे मिटला नाही. मला तिसरी बाजू बरी वाटते, आणि ती अमलात आणणे अवघड आहे हेही दिसते.

काय उरले आहे

वंशभेदाचा मुद्दा जवळपास निकालात निघाला आहे. पुरावा पुरेसा आहे. जातीचा मुद्दा गुहांच्या कामामुळे क्रिकेटपुरता उजेडात आला. टेनिस, पत्ते आणि जेवणघर अजून अंधारातच आहेत. बायकांचा मुद्दा इंग्रज मड्डमांपुरता अभ्यासला गेला.

सर्वांत मोठी उणीव नोकरवर्गाची. स्वयंपाकी, बटलर, माळी, चेंडू आणून देणारी पोरे, घोड्यांचे मोतद्दार : यांच्या जिवावर क्लब चालला. क्लबांचे इतिहास लिहिले ते सभासदांनी. सॅम्युअल शेपर्ड यांचा भायखळा क्लबाचा १९१६ चा इतिहास वाचनीय आहे, आणि तो टेबलापाशी बसलेल्यांचा आहे. ज्या माळ्याने साताऱ्यात आठवडाभर रोलर फिरवला, त्याचे नाव कुठेच आलेले नाही. तो कुठल्या गावचा, त्याला काय मिळे, आणि बाळूंचे सात बळी पाहून त्याला काय वाटले असेल?

यातले काही तरी शोधता येण्यासारखे आहे. पगारपत्रके, सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या वह्या, गोळ्यांच्या निकालांची नोंद : असे कागद जुन्या क्लबांच्या कपाटांत असतात आणि दर पावसाळ्यात थोडे कमी होतात. महाबळेश्वर, पुणे आणि कोल्हापूरच्या जुन्या क्लबांनी ते पुराभिलेखागाराकडे द्यावेत किंवा निदान अभ्यासकांना पाहू द्यावेत. आणि ज्यांच्या घरात आजा-पणजा क्लबात चाकरीला होता अशा वाई, सातारा, कोरेगाव, रहिमतपूरकडच्या वाचकांनी जुना फोटो, चिठ्ठी, पितळी बिल्ला किंवा नुसती ऐकीव हकिकत असेल, तर ती लिहून आपल्या गावच्या वाचनालयात ठेवावी.